मोटर गेली, नियम राहिला

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ आली, 'टर्म प्लॅन, क्लास टेन'. दर टर्मला येते आणि दर टर्मला आम्ही पालक तिच्याखाली अंगठा टाकून मोकळे होतो. यावेळी दुकानातली लाइट गेली होती, काम ठप्प, म्हणून बसल्या बसल्या ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते लिहितोय. आमचं मराठी इंदुरी, मधेमधे हिंदी डोकावेल, सांभाळून घ्या.

माझं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. कूलर, मिक्सर, पाण्याचे पंप, गावाकडच्या सबमर्सिबल, जे जळेल ते आमच्याकडे येतं. मी स्वतः बारावीनंतर शिकलो नाही, तेव्हा शिक्षणावर बोलायचा मला काय हक्क असं कोणी म्हणेल तर म्हणू दे.

प्लॅनमध्ये विषयाप्रमाणे खाने पाडलेत. मॅथ्समध्ये दोन चलांची रेखीय समीकरणं, त्रिकोण, ट्रिग्नोमेट्री. सायन्समध्ये विद्युत आणि विद्युत धारेचे चुंबकीय परिणाम. भूगोलात संसाधनं, मृदा, शेती. सिव्हिक्समध्ये सत्तेची वाटणी, इतिहासात भारतातला राष्ट्रवाद, हिंदीत चार धडे, इंग्लिशमध्ये लेटर रायटिंग. प्रत्येक धड्यासमोर पीरियड किती आणि टेस्टची तारीख कोणती. बस. मूल हे शिकून काय करू शकेल, त्याबद्दल पूर्ण पीडीएफमध्ये एक ओळ नाही.

आता माझ्या धंद्याचा धडा बघा. मुलगा दोन दिवस डावा हात वाकडा करून घरभर फिरत होता. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम, म्हणजे तर्जनी चुंबकीय क्षेत्राची, मधलं बोट करंटचं आणि अंगठा दाखवतो जोर कुठे लागेल ते. धडाधड पाठ. मी विचारलं, हे कशात लागतं रे, तर म्हणाला तीन मार्कांत लागतं. मला हसू आलं, मग पुस्तक मागवून बघितलं तर हसू गेलं. कोरोनानंतर २०२२ मध्ये कोर्स हलका करायचा म्हणून जी कात्री चालली त्यात दहावीच्या या धड्यातून इलेक्ट्रिक मोटर काढलीय, जनरेटर काढलाय. नियम ठेवलाय! मोटरचं नाव एका ओळीत उरलंय, की बाबा अशा अशा उपकरणांत हे वापरतात. म्हणजे बैलगाडीचा धडा आहे, त्यातून बैल तेवढे सोडून दिलेत. त्याच कात्रीत आवर्त सारणीही दहावीतून गेली, पण त्यावर मी बोलत नाही, ते माझं काम नाही.

रविवारी त्याला दुकानात घेऊन गेलो. एक मिक्सर आलेला होता, आर्मेचर म्हणजे आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग जळलेला, तो वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. बॉडी खोलली, कार्बन ब्रश काढले, बाहेरची फील्ड कॉईल, जी चुंबक बनते ती, आणि आतलं आर्मेचर वेगवेगळं हातात दिलं, आणि म्हटलं, आता तुझं बोट लाव. पहिले पाच मिनिटं त्याला करंट कुठून कुठे जातो तेच सापडेना. मग सापडलं. मग त्यानेच विचारलं की पप्पा, घरातला करंट तर एसी, सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण उलटसुलट होतो, मग मिक्सर अर्धा वेळ उलटा का नाही फिरत. पंचवीस वर्षं मिक्सर दुरुस्त करतोय, हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नाही. मी म्हटलं, दोन्ही कॉईल एकामागे एक जोडल्यात, करंट उलटला की चुंबकही उलटतं, आता बोटांवर करून बघ. त्याने तर्जनी उलटी केली, मधलं बोट उलटं केलं, पूर्ण हात मनगटातून फिरवला, आणि अंगठा जिथे होता तिथेच राहिला! तीन वेळा करून बघितलं पठ्ठ्याने. नंतर चहा घेऊन आलेल्या पोराला पण करून दाखवलं.

दुसरी गोष्ट त्याहून छोटी आहे पण मला जास्त लागली. ओहमच्या नियमाचा ग्राफ त्याच्या सायन्सच्या कॉपीत होता, खाली आडवा करंट, बाजूला उभं व्होल्टेज, सरळ तिरपी रेघ. मॅथ्सच्या कॉपीत त्याच महिन्यात तशीच सरळ रेघ, एक्स-वायची. मी म्हटलं, अरे हे तर एकच आहे. तो म्हणाला, नाही पप्पा, ते मॅथ्सचं आहे, हे सायन्सचं. दोन कॉप्या, दोन मॅडम, दोन टेस्ट, आणि एकच रेघ. रेघेचा चढ म्हणजेच रेझिस्टन्स, करंटला होणारा अडथळा, हे दोघींपैकी एकीने म्हटलं असतं तर दोघींचा एकेक पीरियड वाचला असता. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला आलं की त्याला पहिले हेच कळावं लागतं, की तार अर्ध्या जाडीची घातलीस तर रेझिस्टन्स चौपट होतो, मोटर तापते, गिऱ्हाईक परत येतं आणि पैसे तुझ्या पगारातून जातात. त्याला कोणी स्क्वेअरचा नियम शिकवत नाही पण महाराणी रोडवरून तार आणताना गेज म्हणजे जाडी चुकवायची नाही हे तो जन्मात विसरत नाही.

बाकीच्या खान्यांतही तेच. भूगोलात काळी माती आहे, तिथे माळव्याचं नाव छापलंय, म्हणजे आपलंच. उन्हाळ्यात भेगा पडतात, ओली झाली की चिकट होते, पहिल्या पावसानंतर लगेच नांगरली नाही तर आवरत नाही, सगळं मुलांना तोंडपाठ. ती माती जुलैत सबमर्सिबल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या बुटांना चिकटून आमच्या दुकानात येते, मी झाडून थकतो, आणि तरी मुलाला ती आणि पुस्तकातली एकच हे माहीत नव्हतं. खंडवा रोडवर सोयाबीनची देशाची संशोधन संस्था १९८७ पासून आहे, वर्गातल्या एकाने तरी आतून बघितली असेल का देव जाणे.

सिव्हिक्समध्ये बेल्जियम. ५९ टक्के डच बोलणारे, ४० टक्के फ्रेंच, १ टक्का जर्मन, आकडे पाठ. आमच्या स्वतःच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्लिश आणि दुकानात माळवी चालते, हे त्याच धड्यात कोणी विचारलं नाही. इतिहासात १९१८ म्हटलं की खेडा आणि अहमदाबाद, त्याच वर्षी गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले होते, हे मुलाला मी सांगितलं आणि मला माझ्या वडिलांनी. हिंदीच्या पुस्तकात ज्या स्वयंप्रकाशजींचा धडा आहे त्यांचा जन्म इंदूरचा, १९४७ चा. पुस्तकातच छापलंय, पण लेखक-परिचय टेस्टला नाही म्हणून ते पान उलटून पुढे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे कॅट. राजेंद्रनगरच्या पुढे आपलं राजा रामण्णा केंद्र, लेसर वगैरेंवर संशोधन करणारं सरकारी केंद्र, १९८४ पासूनचं, ज्याला इंदुरात सगळे कॅट म्हणतात, त्यात इंडस-२ म्हणून १७२ मीटर घेराचं कडं आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवून वळवून गोल फिरवतात. त्याच तीन बोटांचा खेळ! कॅट रोडवरून रोज स्कूल बस जाते आणि बसमधली मुलं तोच नियम रटत बसलेली असतात.

पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक मीटिंगमध्ये, मी हे सगळं नाही पण थोडं बोललो. मॅडम चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू, ऐकून घेतलं, मग म्हणाल्या की सर, चाळीस-पंचेचाळीस मुलं, कोर्स डिसेंबरपर्यंत संपवायचा, मग प्री-बोर्ड, सांगा कधी करू. खरंच आहे. मागच्या खुर्चीवरच्या एका पालकांनी मला म्हटलं की भिया, हे छान आहे पण मार्कांचं बोला. तर मार्कांचंच बोलतो. सीबीएसईने दहावीच्या पेपरात अर्धे प्रश्न उपयोजनाचे केलेत, केस देतात आणि विचारतात आता काय होईल. २०२६ पासून बोर्डाची परीक्षा वर्षातून दोनदा ठेवलीय, दुसरी ऐच्छिक, तीन विषयांपर्यंत मार्क सुधारायला. पालकांच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत त्या दुसऱ्या परीक्षेवर चर्चा चालते. पहिल्या परीक्षेला मूल काय शिकून बसणार आहे यावर एक मेसेज नाही, माझाही नव्हता, कबूल.

माझी मागणी फार मोठी नाही. टर्म प्लॅनच्या त्या तक्त्यात आणखी एक खाना टाका, 'हे कुठे बघायला मिळेल', आणि त्यात प्रत्येक धड्यासमोर एकच ओळ लिहा. विजेचं बिल, शेत, पंपाचं दुकान, काहीही. मॅडमना वेळ नाही तर आम्हा पालकांकडून भरून घ्या, वर्गात चाळीस पालक आहेत, कोणी दवाखान्यात, कोणी मंडीत, कोणी बँकेत. आणि तुम्हालाही एक सांगायचंय साहेब, रागावू नका, तुम्ही निकालाच्या दिवशी टॉपर मुलांचे पेढे खातानाचे फोटो पूर्ण पान भरून छापता, त्यातला एक कोपरा आता टर्म चालू असताना दिलात तर? या आठवड्यात दहावीत हे चाललंय आणि इंदुरात ते इथे बघा, एवढंच.

मोटरच्या धड्याची सोय माझ्याकडे लागली. दोन मिक्सर आणि एक कूलरची मोटर, तिन्ही जळालेल्या, मुलाच्या वर्गासाठी बाजूला काढून ठेवल्यात. पुढच्या रविवारी सकाळी सहा मुलं येणार आहेत. घरचे चालू मिक्सर आणू नका असं ग्रुपवर आधीच टाकलंय, तरी एकीच्या आईचा फोन येऊन गेला की आमचा जरा आवाज करतो, पाठवू का.

आपला,
एक पालक, इंदूर