फोटोतली बाई धुळीने आणलेली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या धुळीच्या वादळांवरचा लेख वाचला. लेख तसा बरा आहे. १४ एप्रिल १९३५ चा ‘काळा रविवार’, खिडक्यांना लावलेल्या ओल्या चादरी, छातीत धूळ भरून दगावलेली माणसं, सगळं आलंय. पण सोबत फोटो कोणता छापलात? डोरोथिया लँग यांनी काढलेला तो जगप्रसिद्ध, दोन लेकरं खांद्यांना बिलगलेली ती बाई. आणि खाली ओळ : ‘वादळाने घर सोडायला लावलेली शेतकरी माता’.

अहो, ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. मूळची ओक्लाहोमाची, चेरोकी, इथवर ठीक. पण ती कॅलिफोर्नियात आली १९२० च्या दशकात, वादळांच्या कितीतरी आधी! १९३६ च्या मार्चमध्ये निपोमोला वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिचा फोटो निघाला, तेव्हा पीक गारठ्याने गेलं होतं. यात धूळ कुठून आली? तिचं नाव लोकांना कळायला १९७८ उजाडलं. फोटो काढणारीने माझं नावही विचारलं नाही, मला त्याचा एक पैसा मिळाला नाही, असं ती तेव्हा म्हणाली.

मला राग का यावा, असं आपल्याला वाटेल. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई आमच्याच शिवारात पाझर तलावावर माती वाहत होती. घरून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. शहरातून एक फोटोग्राफर आला. त्याने तिला पाटी खाली ठेवायला लावली, धाकटीला कडेवर घ्यायला लावलं, ‘इकडं बघू नका, लांब बघा’ म्हणाला. पेपरात छापून आलं : ‘गाव सोडून वणवण फिरणारी माय’. दोन तालुके ओलांडून मामा भांडायला आले. ‘दाजी, बहीण माझी रस्त्यावर आणली, कळवलं पण नाही?’ वडील तिला हाका मारतायत, ती तलावावरून येतेय, तरी मामांचा विश्वास पेपरावर! वडिलांनी त्या पेपराला कार्ड लिहिलं. उत्तर अजून यायचंय.

राहिला लेखातला ‘निसर्गाचा कोप’. तिकडे अमेरिकेत पाऊस दडी मारून बसला हे खरं, पण पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला म्हणून गवताचा अख्खा माळ नांगरून उघडा कोणी टाकला? वाऱ्याने? आणि कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलेले सगळेच धुळीने हाकललेले नव्हते. त्यातले बरेच पूर्व ओक्लाहोमा, आर्कान्सा भागातले, कापूस पिकवणारे बटईदार होते. १९३३ च्या कायद्याने सरकारने पेरा कमी करायला पैसे दिले. ते बऱ्याच मालकांनी स्वतःच ठेवले, ट्रॅक्टर आणले आणि बटईदाराला वाट दाखवली. उलट खुद्द धुळीच्या पट्ट्यातली बहुतेक कुटुंबं दात-ओठ खाऊन तिथेच राहिली, त्यांच्यावर लेखात ओळ नाही.

‘कॅलिफोर्नियाने त्यांना आसरा दिला’ हे वाक्य तर वहीत उतरवून ठेवावं असं! १९३६ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी १३६ पोलीस राज्याच्या हद्दीवर उभे केले होते, खिशात दमडी नसलेल्यांना परत पाठवायला. लेखक व्यासंगी आहेत असं त्यांच्या परिचयात छापलंय, म्हणून अधिक काय बोलावं.

दुरुस्ती छापणार असाल तर निविदांच्या खाली दोन ओळींत नको. फोटो छापला तेवढीच जागा द्या. आणि जाता जाता, गुरुवारचं शेतीचं पान दिवाळीपासून गायब आहे. त्या जागी राशिभविष्य येतं, तेही आता दोनदा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कन्नड