सीटी नॉर्मल आली म्हणजे पोरगं बरं झालं असं नसतंय

मा. संपादक, नमस्कार.

डोक्याला मार लागलेल्या पोरांबद्दल लिहितोय. सोलापुरात कोणी सायकलवरून पडतंय, कोणी कबड्डीत आपटतंय, कोणी वडिलांच्या गाडीवर टाकीवर बसलेलं (वडिलांनाच हेल्मेट नाही तर त्याला कुठलं), आणि मग ठरलेलं, डोक्याचा सीटी स्कॅन काढा, रिपोर्ट नॉर्मल, मुका मार आहे, घरी न्या. रिपोर्ट चुकीचा नसतो, कंकशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, तो सीटीत बहुतेक दिसतच नाही. पण पुढचे तीन-चार आठवडे घरात काय चालतं ते कोण बघतंय?

आमच्या पूर्व भागातला नववीचा एक पोरगा, जन्मापासून लूमच्या (यंत्रमागाच्या) खटखटीत झोपलेला, पडल्यावर त्याला तोच आवाज सहन होईना, कानावर उशी दाबून बसायचा. फळ्यावरचं उतरवताना ओळ हरवायची, आईवर ओरडायचा आणि मग स्वतःच रडायचा. सर म्हणाले नाटकं करतोय, आजीने दृष्ट काढली. पोराला वाटायला लागलं आपण वेडे झालो, पण बोलणार कोणाला?

अशा वेळी त्याला आणि घरच्यांना कोणीतरी नीट समजावून सांगितलं, की बाबा ही चिडचिड, झोप उडणं, लक्ष न लागणं हे माराचंच आहे आणि बहुतेक मुलं महिन्याभरात बरी होतात, तरी अर्धी भीती जाते. दवाखान्यात आणलेल्या मुलांपैकी साधारण 30 टक्क्यांना मात्र महिन्यानंतरही त्रास राहतो, आणि आधीपासून घाबरट किंवा उदास असलेल्या पोराला जास्त जपायला लागतं. तिथे गोळीपेक्षा समुपदेशनच कामाला येतं.

अजून एक, अंधाऱ्या खोलीत पंधरा पंधरा दिवस कोंडून ठेवणं बंद करा. 2022 ला ॲम्स्टरडॅमला कंकशनवर तज्ज्ञांची परिषद झाली, त्यांनी पण हेच सांगितलं, एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमी, मग हळूहळू चालणं-फिरणं, शाळा आधी थोडा वेळ, खेळ सगळ्यात शेवटी आणि डॉक्टरांना विचारूनच. मित्र तुटले की पोरगं अजून खचतं. (वारंवार उलट्या, फिट, उठवून न उठणं, असं काही दिसलं तर मात्र तडक सिव्हिल गाठा.)

सिव्हिलला मनोविकार विभाग आहे, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा फुकटचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मराठीत बोलतात, पण पालकांना हे माहीतच नसतं. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या खाली हे दोन ओळीत मराठीत, आणि आमच्या भागात तेलुगूतही, लिहायला काय हरकत आहे? आणि शाळांनी डॉक्टरची चिठ्ठी आणलेल्या पोराला अर्धा दिवस बसू द्यावं, चाचणी राहिली तर नंतर घ्यावी, एवढं शिक्षणाधिकारी साहेबांनी एक पत्र काढून कळवलं तरी पुष्कळ आहे.

– एक पालक, पूर्व भाग, सोलापूर