मंत्रीसाहेब, गोळ्या वाटल्याचा हिशोब आहे, गिळल्याचा कुठाय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

अर्जाची भाषा मला जमत नाही म्हणून घरात बोलतो तसंच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. दिवाळीच्या आधी साफसफाई काढली होती तेव्हा आमच्या धाकट्या जावेच्या कपाटात एक जुना बिस्किटाचा डबा सापडला, उघडून बघते तर आत लोहाच्या लाल गोळ्या. दहा-दहाच्या नऊ स्ट्रिप, त्यातली एकच फोडलेली आणि त्यातल्या पण दोनच गोळ्या गेलेल्या. पोरगी सहाव्या महिन्यात, हिमोग्लोबिन 8.4, आणि 88 गोळ्या डब्यात! कार्डावर मात्र चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यात "30 दिल्या" असं नीट लिहिलंय, म्हणजे सरकारच्या वहीत तिनं नव्वद गोळ्या खाऊन संपवल्यात.

विचारलं तर म्हणते, "दोन दिवस खाल्लो बघ अक्का, पोटात ढवळाय लागलं, मग संडास काळीकुट्ट, लई भ्यालो अन ठेवून दिलो." (आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुण्याच्या मंडळींनी हसू नये.) लोहाची गोळी घेतली की शी काळी होते, त्यात घाबरायचं काही नाही, एवढं एक वाक्य गोळ्या हातात देताना कुणी बोललं असतं तर हे पत्रच लिहावं लागलं नसतं. आणि त्या दोन गोळ्या तरी कशा घेतल्या? सासूबाई म्हणाल्या गोळी गरम पडते, दुधासंगं घे. आता कोल्हापुरात दुधाला नाही म्हणणार कोण, गंगावेशीत माणसं कट्ट्यावर उभी राहून म्हशीचं धारोष्ण दूध पितात. पण दुधातलं कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही, चहानं पण तेच होतं. आणि त्यावर कहर म्हणजे सरकारच गरोदर बाईला कॅल्शियमच्या गोळ्या पण देतं, दोन्ही एकाच पिशवीत घालून, आणि दोन्हीत निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं हे काही पिशवीवर लिहिलेलं नसतं. बाई बिचारी एकदम तोंडात टाकते आणि मोकळी होते.

खरा धक्का पुढंच होता. ॲनिमिया मुक्त भारत म्हणून 2018 पासून जो कार्यक्रम चालू आहे त्यात गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी सांगितलीय, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर परत 180 दिवस. पण ही झाली रक्त कमी होऊ नये म्हणून द्यायची गोळी. हिमोग्लोबिन 11 च्या खाली आणि 7 च्या वर असलं की तो उपचार होतो आणि मग रोज दोन गोळ्या, दर महिन्याला परत तपासणी, महिन्यात एक ग्रॅम तरी वाढलं नाही तर पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. 8.4 वालीला पण महिन्याला 30 च दिल्या, 12 वालीला पण 30 च. नाव कुणाचं घेत नाही, आशाताई तर उन्हातान्हात फिरून पाय झिजवतात, त्यांच्यावर माझा राग नाही. राग त्या रकान्यावर आहे, "दिल्या" असं विचारणाऱ्या. "खाल्ल्या का" असा रकाना छापायला किती खर्च येतो ओ?

तुमचेच आकडे बघा. 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये रक्त कमी असलेल्या 2015-16 च्या सरकारी कुटुंब आरोग्य सर्व्हेत महाराष्ट्रात 48 टक्के होत्या, 2019-21 च्या सर्व्हेत 54 टक्क्यांवर गेल्या. सगळ्यांचंच कारण लोह नसतं हे मान्य, पण गोळ्या वाटून वाढलं कसं हे कुणीतरी विचारायला नको का?

माझी मागणी मोठी नाही. स्ट्रिपवरच मराठीत ठळक छापा की जेवण झाल्यावर तासाभरानं घ्या, चहा-दुधाबरोबर नको, लिंबूपाणी चालेल, शी काळी होईल, सुरवातीला मळमळेल पण सोडू नका. हिमोग्लोबिन वाढलं तरी पुढं चालूच ठेवायच्या हे पण लिहा, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो आणि बायका जरा बरं वाटलं की बंद करतात. दर खेपेला रिकाम्या स्ट्रिप परत मागा, गॅसची टाकी बदलताना रिकामी मागतात तशी. आणि तपासणीला सासूला आणि नवऱ्याला पण बोलवा, कारण गूळ-शेंगदाणे खा की रक्त वाढतं हा सल्ला तिथूनच येतो. गूळ आमचाच, कोल्हापूरचा, खावा की, पण 8 वरनं 11 वर जायला तो पुरत नाही.

अजून एक, हे मात्र अगदी आत्ताच करा. त्या लाल गोळ्या दिसतात गोळ्या-चॉकलेटसारख्या. डबा सापडला तेव्हा माझा तीन वर्षांचा पोरगा शेजारीच बसलेला आणि एक स्ट्रिप त्याच्या हातात. लहान पोरानं अशा मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं हे मला मेडिकलवाल्यानं सांगितलं, वाटणाऱ्यांनी नाही. तो डबा आता वरच्या फळीवर आहे.

डॉक्टरला दाखवून जाऊबाई आता रोज दोन घेते, एक दुपारी आणि एक रात्री जेवणानंतर, समोर मी उभी. सव्वा महिन्यात 9.6 झालंय. पुढची तपासणी बुधवारी आहे, कार्डावर यावेळी पण "30 दिल्या" लिहिलं तर मी फोटो काढून पाठवणार आहे तुम्हाला.

आपली,
कोल्हापूरची एक थोरली जाऊ