कार्निव्हल संपला, आता मैदान आधी होतं तसं करून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याला राहते, मूळची जळगावची, लग्न होऊन गोव्यात आले त्याला 19 वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत कार्निव्हल एकदाही धड बघितला नव्हता. आमच्या घरात शिगमो (गोव्यातला शिमगा) म्हणजे जीव की प्राण, मिस्टर स्वतः रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल वाजवतात, आणि कार्निव्हल म्हणजे त्या चार दिवसांत पणजीला जायचं नाही, गाडी अडकते, एवढीच त्याची घरात चर्चा. यंदा मुलगी पुण्याला शिकायला गेलीय, घरात दोघंच, तर मीच म्हटलं की या वेळी रजा टाकूया आणि 14 ते 17 फेब्रुवारी सगळा कार्निव्हल पहिल्यापासून शेवटपर्यंत बघूया. लोक कुठून कुठून विमानाने येतात आणि आपण 30 किलोमीटरवर राहून बघत नाही हे काही बरोबर नाही.

पणजीच्या मळा या भागात एका जुन्या घरात खोली घेतली आणि शनिवारी दुपारीच जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, आला, त्याचं ‘खा, पिये आनी मजा कर’ झालं, मागोमाग फ्लोट, म्हणजे सजवलेले चित्ररथ. मला सगळ्यात आवडले ते गावच्या लोकांनी स्वतः बांधलेले, त्यात पदेर (पाववाला) होता, रेंदेर (ताडी काढणारा) माडावर चढलेला, खारवणी मासळीच्या टोपल्या घेऊन, एका फ्लोटवर तर खरीखुरी चूल पेटवलेली. मिस्टर सांगत होते की त्यांचे आजोबा पोर्तुगीज काळातला इंत्रुज, म्हणजे कार्निव्हलच, सांगायचे, तेव्हा पीठ भरलेल्या कागदाच्या पुड्या एकमेकांवर मारायचे, रंगाचं पाणी उडवायचे, ही मिरवणूक वगैरे तशी नंतरची. 1965 साली पणजीत तिमोतेयो फर्नांडिस पहिले किंग मोमो झाले आणि तिथून आजच्यासारखी फ्लोटची परेड सुरू झाली.

रविवारी महाशिवरात्र होती. सकाळी लवकर मंगेशीला जाऊन दर्शन घेतलं, रांग मोठी होती, आणि संध्याकाळी मडगावात फ्लोट बघायला उभे, उपवास असल्यामुळे पर्समध्ये राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. शेजारी एक ख्रिश्चन आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांनी विचारलं उपास कसला, मी सांगितलं, तर म्हणाल्या आमचेही बुधवारपासून सुरू, ईस्टरपर्यंत. मला हे इतकं छान वाटलं ना. कार्निव्हल म्हणजे नुसती दारू आणि धिंगाणा असं दरवर्षी कोणी ना कोणी लिहितं, पण तो मुळात 40 दिवसांच्या उपवासाआधीचा सण आहे, म्हणून तर मंगळवारी संपतो आणि बुधवारी राखेचा क्रॉस कपाळावर घेऊन लोक चर्चमधून बाहेर येतात. हे समोर बसून बघितल्याशिवाय कळलं नसतं.

पण माझ्या मनात कायमचा राहिला तो सोमवार. रात्री चांदोरला मुसळ खेळ बघायला गेलो. चांदोर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी चंद्रपूर, आणि तिथले ख्रिश्चन पुरुष धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून, हातात मुसळं घेऊन, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर नाचतात, मुसळ जमिनीवर आपटतं तेव्हा पायाखाली जाणवतं. मिस्टर पहिल्यांदा गप्प उभे होते आणि मग त्यांचा हात मांडीवर ताल धरायला लागला, म्हणाले हा ठेका आमच्याच घरचा आहे. गाडीत बसेपर्यंत दुसरं काही बोलले नाहीत. मंगळवारी सासष्टी तालुक्यात एका गावात खेळ-तियात्र, म्हणजे कोकणी लोकनाट्य, बघितलं, निम्मं कोकणी अजून मला झेपत नाही तरी हसून पोट दुखलं, आणि रात्री घरी परत.

हे सगळं एवढं सविस्तर अशासाठी लिहिलं की पुढचं वाचून कोणी म्हणू नये, ही बाई कार्निव्हलच्या विरोधात आहे. मी अजिबात विरोधात नाही, पुढच्या वर्षी आम्ही परत जाणार.

आता मैदानाचं. आमचा एक सॉफ्टबॉलचा ग्रुप आहे, दर रविवारी सकाळी साडेसहाला खेळतो. मी शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळायचे, तिकडे शाळा-शाळांत खेळतात, इथे आल्यावर कितीतरी वर्षं ग्लोव्ह माळ्यावर पडून होता. मग एक रिटायर झालेले पीटीचे सर भेटले, त्यांनी माणसं जमवली, बँकेतले, शिक्षक, फार्मा कंपनीत शिफ्टला जाणारी मुलं, कॉलेजच्या मुली, आणि आता चार टीम झाल्यात. स्लोपिच खेळतो, म्हणजे बॉल खालून हळू, कमानीत टाकायचा, फिल्डवर नऊच्या जागी दहा जण, त्यामुळे विशीतली मुलगी आणि पन्नाशीतले काका एकाच टीममध्ये खेळू शकतात. बक्षीस वगैरे काही नाही. कार्निव्हल झाला की आमचा सिझन सुरू होतो, प्रत्येक टीम दुसरीशी दोनदा खेळते, एकूण 12 मॅच, रविवारी दोन याप्रमाणे सहा रविवार, मध्ये 5 एप्रिलला ईस्टर आहे म्हणून तो सोडलाय. आमच्यातली ख्रिश्चन मंडळी शनिवारी संध्याकाळीच चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनेला) जाऊन येतात आणि रविवारी मैदानावर हजर असतात, एवढा जीव आहे सगळ्यांचा त्यात.

22 तारखेला सिझनआधीची पहिली प्रॅक्टिस ठेवली. ज्या मैदानावर आम्ही खेळतो तिथे कार्निव्हलच्या दिवसांत फ्लोट उभे केले होते, रात्री तिथेच सजवले, जनरेटर, खाण्याचे स्टॉल, पार्किंग, सगळं तिथेच. त्याला आमची हरकत नव्हती, कुठेतरी उभे करायलाच हवेत. आम्ही गेलो तेव्हा थर्मोकोल आणि चमकीचे कागद पडलेले होते ते उचलले, ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसत होत्या, तांबडी माती ओली असताना दबली आणि आता वाळून चिऱ्यासारखी कडक झालीय, त्यावर ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटत येणारा बॉल, आला की बॉल कुठे उडेल सांगता येत नाही, पण म्हटलं खेळू जरा जपून.

सॉफ्टबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बेस म्हणजे धावणाऱ्याने एकामागून एक गाठायच्या जागा. फर्स्ट बेस धावत ओलांडून पुढे गेलं तरी चालतं, पण सेकंड आणि थर्डला तसं नाही, बेसवर थांबावंच लागतं, पुढे गेलात आणि समोरच्या टीमने हातातला बॉल अंगाला लावला की आउट. म्हणून धावत येणारा शेवटी जमिनीवर घसरत येतो, त्याला स्लाइड म्हणतात, ती काही स्टाइल म्हणून मारत नाहीत, खेळच तसा आहे. आमच्यातला सगळ्यात लहान, विशीतला मुलगा सेकंडला स्लाइड मारून आला आणि उठलाच नाही. बिअरच्या बाटलीची काच मातीत अर्धी रुतलेली होती, वरून दिसतच नव्हती. गुडघ्याच्या वरपासून मांडीपर्यंत फाटलं. सरांनी रुमाल बांधला, मी गाडी काढली, 11 टाके पडले. त्याची आई आली तेव्हा तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही, कारण त्याला टीममध्ये मीच आणलं होतं.

त्यानंतर आम्ही सगळे तिथेच थांबलो आणि मैदान साफ केलं. गवंडी वाळू चाळतात ती चाळण आणली, बेसभोवतीची माती चाळली, एकाने दोरीला लोहचुंबक बांधून फिरवला. दोन पोती निघाली, काचा, फ्लोटच्या प्लायवूडचे खिळे, तारा, स्टेपल. आणि हे फक्त आमच्या इन्फिल्डमधलं, म्हणजे बेसच्या आतल्या भागातलं, बाकीचं मैदान तसंच आहे. संध्याकाळी त्या मैदानावर वस्तीतली पोरं फुटबॉल खेळतात, त्यातली निम्मी अनवाणी.

मग विचारायला गेलो. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे ते म्हणाले आयोजकांना विचारा, आयोजकांपैकी एक जण म्हणाले सफाईचं काम रस्त्यापुरतं दिलं होतं, मैदान त्यात नव्हतं. म्हणजे परेड संपल्यावर रात्रीतून रस्ता चकाचक झाला, तो मी स्वतः बघितला आणि कौतुक वाटलं होतं, पण जिथे तेच फ्लोट तीन रात्री उभे होते ती जागा कोणाच्या यादीतच नव्हती. कुठलं मैदान ते मी मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या गावांतही असंच होतं हे टीममधल्यांकडून ऐकलंय, एकाच जागेवर बोट दाखवून प्रश्न सुटणार नाही.

माझं मागणं मोठं नाही. मैदान देताना आयोजकांकडून अनामत रक्कम घ्या आणि जागा होती तशी परत मिळाली की मगच ती परत करा. स्टॉलवाल्यांना मैदानावर काचेच्या बाटल्या विकू देऊ नका, कॅन चालतील. आणि निदान खेळायचा भाग तरी दोरी लावून ट्रकपासून वेगळा ठेवा, लागली तर ती दोरी लावायला आम्ही येतो, हे मी नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, चारही टीमच्या वतीने लिहितेय.

आणि घाई यासाठी की 3 मार्चला होळी आहे. मग शिगमो, चित्ररथ परत त्याच मैदानावर उभे राहणार, रोमटामेळ तिथूनच निघणार, आणि ढोल-ताशावर नाचणारी कितीतरी माणसं पायात काही घालत नाहीत. मिस्टरांना हे सांगितलं तेव्हा ते त्याच संध्याकाळी टॉर्च घेऊन मैदानावर गेले आणि मूठभर काचा घेऊन परत आले.

1 मार्चच्या दोन्ही मॅच आम्ही 8 तारखेवर ढकलल्यात. त्या मुलाचे टाके तोवर निघतील, खेळायला डॉक्टर एवढ्यात सोडणार नाहीत, पण स्कोअर लिहायला येतो म्हणालाय. बाकीचं मैदान कोण साफ करणार आणि कधी, एवढं उत्तर होळीच्या आधी आपल्या पेपरातून मिळालं तर बरं होईल.

आपली,
एक वाचक, फोंडा