नमुन्याचा माग

पुणे, 4 जानेवारी

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे मी इथल्या डॉक्टरांना दाखवला. ऑपरेशनची घाई नको म्हणाले. बाकी भेटीत बोलू.

बाबा, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, "एवढं डोकं चालतंय तर स्वतःचं काढ की, दुसऱ्याच्या कंपनीत कशाला खपतीस?" तुमची काळजी मला कळते. सोलापूरची जुनी गिरणी आजोबांच्या डोळ्यांदेखत बंद पडली, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या तुमच्या. मोठं नाव असलं म्हणजे पोट भरेलच, यावर आपल्या घरात कुणाचा विश्वास बसणार? तरीही मी कंपनी सोडणार नाही. का, ते फोनवर सांगणं जमलं नसतं.

आमची कंपनी पंप बनवते, हे तुम्हाला माहीत आहे. विहिरीतलं पाणी संपलं की मोटर कोरडी चालते आणि जळते. ती जळण्याआधी शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जाईल, असं एक छोटं यंत्र करायचं माझ्या मनात होतं. ते करायला कंपनीने मला चार माणसं आणि थोडा पैसा दिला आहे. कल्पना सगळ्यांना आवडली. घोडं अडलं ते विक्रीच्या माणसांपाशी. त्यांचं कमिशन पंपावर ठरतं. हजारभर रुपयांचं नवं यंत्र समजावून सांगण्यात अर्धा दिवस घालवला, तर महिन्याचं टार्गेट कोण भरणार? त्यांचं काही चुकत नाही. चूक मोजमापात आहे.

हे मला लगेच उमगलं, कारण मी ते अशोक चौकातल्या तुमच्या चादरींच्या कारखान्यात पाहिलं होतं. तुमचा डबा घेऊन मी यायचे तेव्हा कोपऱ्यातला एक माग बहुतेक वेळा थांबलेला असायचा. चादरीचं नवं डिझाइन आलं की तुम्ही जेकार्डची, म्हणजे नक्षी ठरवणारी भोकांची, कार्डं दोऱ्याने ओवून वर चढवायचात. मग दहा-वीस फेरे विणायचे, धागा तुटला की थांबायचं, एक कार्ड उलटं लागलेलं निघायचं, की पुन्हा उतरवायचं. त्या मागावर बसायला विणकर तयार नसायचे, कारण मजुरी नगावर मिळायची आणि तिथे दिवसाकाठी एक चादरही उतरत नसे. आई, तूही हजारी मजुरीवर विड्या वळल्यास, तुला हे वेगळं सांगायला नको. मालकांनी मग ठरवलं, नमुन्याच्या मागावर बसेल त्याला रोजाने पैसे, आणि नमुना फसला तरी त्याचा नेहमीचा माग त्याला परत. त्यानंतर माणसं आपणहून पुढे आली.

जगभरच्या मोठ्या कंपन्या याच ठिकाणी अडखळतात. पहिला डिजिटल कॅमेरा फोटोची फिल्म बनवणाऱ्या कोडॅकमध्येच तयार झाला, 1975 साली. स्टीव्ह सॅसन नावाच्या त्यांच्या तरुण इंजिनिअरने तो केला. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. पण कंपनीची सगळी कमाई फिल्मवर, आणि याला फिल्मच लागत नव्हती! शेवटी 2012 च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. माणूस घरातला, कल्पना घरातली, पण तिला वाढवणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

उलट अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत नोकरांना कामाच्या वेळातला 15 टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेवर घालवायची मुभा आहे. तिथे 1968 मध्ये एका शास्त्रज्ञाच्या हातून कच्चा चिकटणारा गोंद तयार झाला. त्याचा उपयोग कुणाला सुचेना, तरी तो टाकून दिला नाही. त्यातूनच ऑफिसात सगळीकडे दिसणाऱ्या त्या पिवळ्या चिकटचिठ्ठ्या 1980 मध्ये बाजारात आल्या. बारा वर्षं! व्याजाने पैसे काढून धंद्यात उतरलेल्या माणसाला बारा वर्षं कोण थांबू देईल? बाबा, मी कंपनीत राहते आहे ती यासाठी. यंत्र तपासायला लागणारी प्रयोगशाळा, गावोगावचे डीलर, दुरुस्तीची माणसं, हे सगळं इथे तयार आहे. स्वतःचं काढलं तर हे उभं करण्यातच माझी उमेद संपेल.

आपल्याकडेही हे जमलं आहे. महिंद्रांची ओळख जीप आणि ट्रॅक्टरची, पण 2002 साली त्यांनी स्कॉर्पिओ आणली, ती आपल्याच माणसांची वेगळी टीम बांधून. नाशिकच्या कारखान्यातून ती बाहेर पडली. टाटांकडे तर मनापासून केलेल्या, पण फसलेल्या प्रयत्नालाही बक्षीस देतात. त्या बक्षिसाचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे फसलेल्या माणसाची बदली होते आणि ते पाहून बाकीचे दहाजण गप्प बसतात.

म्हणून मी साहेबांकडे दोन गोष्टी मागितल्या. पहिली दोन वर्षं आमच्या कामाला पंपांचं टार्गेट लावू नका. आणि काम नाही जमलं, तर माझ्या चारही माणसांना त्यांच्या जुन्या जागा परत द्या. पहिलीला ते हो म्हणाले. दुसरीचं लेखी अजून मिळालेलं नाही आणि ते मिळेपर्यंत मी त्यांचा पिच्छा सोडणार नाही. चौघांतल्या दोघांच्या घरांचे हप्ते चालू आहेत.

बाबा, आता तुमच्याकडून एक हवं आहे. एखादं डिझाइन जमत नाही, आता कार्डं उतरवायची, हे कोण ठरवायचं? तुम्ही, मालक, की विणकर? आणि किती दिवस वाट पाहायचात? मला आमच्या कामासाठी तसाच नियम आधीच लिहून ठेवायचा आहे. गड्ड्याच्या जत्रेला येतेच आहे, तोवर आठवून ठेवा. त्या कारखान्यातले तुमच्या बरोबरीचे कुणी भेटले तर त्यांनाही विचारा.

तुमची,
सुनंदा