डिपॉझिट अडकलं म्हणून गप्प बसू नका

मा. संपादक,

आमची मावशी अशोक चौकाजवळ भाड्यानं राहायची, विड्या वळून साठवलेलं २० हजार डिपॉझिट दिलेलं, रूम सोडली तर मालक म्हणतो कागद कुठाय, आणि तिच्याकडं होतं काय तर वहीच्या फाटक्या पानावर तारीख, रक्कम अन् मालकाची सही. सगळे म्हणाले जाऊ दे, वकिलालाच तेवढे जातील. अहो पण भाडेकरार लिहून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच असते, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ बघा, करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरतात.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तिथं मावशीनं साधा अर्ज दिला, दोघांना समोरासमोर बसवलं, पैसे दोन हप्त्यांत आले. हेल्पलाइन १५१०० आहे. लोकअदालतीत कोर्ट फी लागत नाही, फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करायच्या आधी कागद कुणाकडनं तरी नीट वाचून घ्या.

ही माहिती तुम्ही दर आठवड्याला छापा ना, विडी कारखान्यात पेपर मोठ्यानं वाचतात, तिथं नक्की पोचेल.

– एक वाचक, सोलापूर