रोख्यांच्या बातमीत रूपांतराचा भावही छापा

महोदय,

कार्बन फायबर, सिलिकॉन कार्बाइड असले प्रगत पदार्थ बनवणाऱ्या एखाद्या छोट्या कंपनीने परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे) विकले, की बातमीत रक्कम, व्याजदर आणि मुदत येते. रोख्यांचे शेअर कोणत्या भावाने होणार, हे मात्र बहुधा नसते. भागधारकाचा खरा प्रश्न तोच.

समजा, कंपनीचे १ कोटी शेअर आहेत, भाव १०० आणि रोखे २० कोटींचे. रूपांतराचा भाव १०० असा पक्का असेल तर २० लाख नवे शेअर येतात आणि १० टक्क्यांचा हिस्सा ८.३ टक्क्यांवर उतरतो. पण ‘रूपांतराच्या वेळच्या बाजारभावाच्या ८० टक्के’ अशी अट असली आणि भाव २५ वर आला, तर रूपांतर २० ने होते. नवे शेअर १ कोटी, हिस्सा थेट निम्मा. शिवाय शेअर उसने घेऊन आधी विकायचे आणि रूपांतरातून मिळालेले परत करायचे, हा मार्ग रोखेधारकाला मोकळा असेल तर भाव पडण्यातच त्याचा फायदा. अशा रोख्यांना बाजारात ‘डेथ स्पायरल’ म्हणतात, ते उगाच नाही. रूपांतराच्या भावाला खालची मर्यादा घातली आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे. व्याज रोखीने न देता मुद्दलात मिळवायचे असेल तर ८ टक्क्यांनी ५ वर्षांत २० कोटींचे २९.४ कोटी होतात. मग पक्क्या भावानेही २९.४ लाख शेअर निघतात.

डायल्युटेड ईपीएस (संभाव्य शेअरही धरून काढलेला प्रतिशेअर नफा) पाहून हे कळेल, असे समजू नये. कंपनी तोट्यात असेल तर हे संभाव्य शेअर धरल्यावर प्रतिशेअर तोटा कमी दिसतो, म्हणून लेखामानकानुसार (आयएएस ३३) ते हिशेबात घेतच नाहीत. साधा आणि डायल्युटेड, दोन्ही ईपीएस सारखेच छापले जातात. वगळलेल्या रोख्यांचा उल्लेख ताळेबंदाच्या टिपांत असतो, आणि तिथवर फारसे कोणी जात नाही.

या धंद्यात मुदतीचा घोळ वेगळाच. विमानाच्या भागांसाठी नव्या पदार्थाला मान्यता मिळायला वर्षे लागतात. मध्येच भट्टीचे तापमान किंवा कच्च्या मालाचा पुरवठादार बदलला तर चाचण्यांचा बराचसा भाग पुन्हा करावा लागतो. ३ वर्षांचे रोखे ऑर्डर येण्याआधीच परतफेडीला येतात, आणि मुदतवाढीच्या बदल्यात रूपांतराचा भाव खाली आणला जातो. तारणातही पाहण्यासारखे असते. खास बांधून घेतलेल्या भट्टीला दुसरा गिऱ्हाईक सहज मिळत नाही, म्हणून रोखेधारक पेटंटवरही बोजा चढवून घेतो. हप्ता थकला की कंपनीचे सगळ्यात मोलाचे तेच हातचे जाते.

तेव्हा रूपांतराचा भाव, त्याची खालची मर्यादा आणि सर्व रोखे रूपांतरित झाल्यावरची एकूण शेअरसंख्या एवढे तरी बातमीत द्यावे. पहिल्या दोन गोष्टी रोख्यांच्या अटीपत्रात असतात, तिसरीला भागाकार आणि बेरीज पुरते.

– एक वाचक